ऑइल बदलण्याची सुलभ रीत (पेण–रोहा आवृत्ती)

खालील मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्या गाडीवर एमएच ०६ आहे, ज्याला हॉर्न, एसी आणि ब्लूटूथ नीट कळतं, पण बॉनेट उघडायची कळ दाखवायला पेट्रोल पंपावरचा मुलगा लागतो, तो. कसलेल्या चालकांनी हे वाचू नये. ते तसंही वाचत नाहीत. पेण आणि रोहा तालुक्यांत कसलेल्या चालकांची संख्या मोटारींपेक्षा जास्त आहे. त्यामुळे सल्ला कमी पडेल अशी भीती नवशिक्याने बाळगू नये.

साहित्य: एक मोटार, सपाट जागा, तीन ते साडेतीन लिटर ऑइल, एक ऑइल फिल्टर, नटाखालचा नवा वॉशर, पाना, पसरट घमेलं, जुनं फडकं आणि गाडीची पुस्तिका (सापडल्यास).

पायरी पहिली: सल्ला गोळा करा

यासाठी रामवाडीच्या एसटी स्टँडजवळ चहा घेत उभं राहावं आणि बॉनेट उघडं ठेवावं. एवढं पुरतं. माशी गुळाला शोधत येते, तसा सल्ला उघड्या बॉनेटला शोधत येतो.

पहिला येणारा दांडी काढतो. हिला कोणी गेज म्हणतं, कोणी डिपस्टिक. तिच्या टोकाचं ऑइल तो अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "गेलं." ही तपासणी अत्तराच्या दुकानात शोभली असती. ऑइलचं खरं काम १०० अंशांच्या आसपास चालतं. त्या तापमानाला ते किती पातळ राहतं हे अंगठ्याला कळायचं तर आधी अंगठा भाजावा लागेल.

दुसरा रंग बघतो. "काळं पडलंय, बदल." डिझेल गाडीचं ऑइल नवं भरल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. याउलट सीएनजीवर काजळी फारशी होत नाही, म्हणून तिथलं ऑइल मुदत उलटून गेली तरी मधासारखं सोनेरी दिसतं आणि मालक खूश असतो. रंगावरून ऑइल ओळखणं म्हणजे धोतरावरून भटजींचं पाठांतर ओळखणं.

तिसरा सगळ्यात धोकादायक. "आमच्या मामाने जीपचं ऑइल दहा वर्षं बदललं नाही. नुसतं वरून घालायचा." मामाची जीप आता कुठे आहे, हे मात्र विचारू नये. विषय कौटुंबिक होतो.

पायरी दुसरी: डब्यावरची पत्रिका वाचा

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. नवशिक्याला हा गाडीचा नंबर वाटतो, कसलेल्याला वजन वाटतं. प्रत्यक्षात डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांतही इंजिन फिरू देतं, २०डब्ल्यू उणे १५ पर्यंत. पेणला पारा १७ वर आला की मफलर निघतात आणि शेकोट्या पेटतात, तेव्हा उणे ३० ची काळजी आपल्याला कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल.

प्रश्न रास्त आहे, पण ऑइलचा हिशेब वेगळा. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना ६० सेंटिस्टोक्सच्या आसपास जाड असतं आणि १०० अंशांना दहाच्या आसपास येतं. म्हणजे ऐन वैशाखात, रोह्याच्या उन्हात उभी असलेली गाडीही ऑइलच्या दृष्टीने थंडच असते. सकाळी चावी फिरवल्यावर पहिले काही क्षण वरच्या भागांपर्यंत ऑइल पोचलेलं नसतं, आणि धातूवर धातू घासायला तेवढे क्षण पुरतात. आधीचा आकडा लहान, तर हे पोचणं लवकर. नंतरचा आकडा गरम इंजिनातल्या जाडीचा: ३० म्हणजे १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० म्हणजे १२.५ ते १६.३.

खाली बारीक अक्षरांत एपीआयचा शिक्का असतो. त्यात पेट्रोल गाड्यांसाठी एस, डिझेलसाठी सी आणि पुढे दर्जाचं अक्षर. पेट्रोलच्या बाबतीत वर्णमालेत जितकं पुढचं अक्षर तितका नवा दर्जा: एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. कोणी फार स्वस्तात एसए देऊ लागला, तर नम्रपणे नकार द्यावा. तो दर्जा १९३० नंतरच्या बहुतेक गाड्यांना चालत नाही. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल, तर कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी तुंबते. ती गाळणी बदलण्याचा खर्च ऐकल्यावर माणूस राखेबद्दल आयुष्यभर जागरूक राहतो.

पायरी तिसरी: जाडं की पातळ, यावर वाद घाला

आपल्याकडे जाड गोष्टींना मान आहे. वरण घट्ट हवं, दूध घट्ट हवं, माणूस भारदस्त हवा. त्याच न्यायाने "जुन्या गाडीला जाडं ऑइल घाल" हा सल्ला वडखळ नाक्यावर मिळतो आणि कोलाड नाक्यापर्यंत त्यात बदल होत नाही.

त्यात थोडं तथ्य आहे. इंजिन झिजलं असेल, ऑइल पीत असेल, मागून निळसर धूर मारत असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपैकी एक पायरी जाडं घेऊन बघायला हरकत नाही. पण ठणठणीत नव्या इंजिनात घातलेलं जाडं ऑइल म्हणजे शिंप्याने बेतून शिवलेल्या सदऱ्याखाली घोंगडी घालणं. आजच्या इंजिनांतल्या फटी केसापेक्षा बारीक असतात आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. ऑइल जाड झालं की पोचायला उशीर होतो, मायलेज उतरतं आणि मालक पेट्रोल पंपवाल्यावर संशय घेऊ लागतो.

पायरी चौथी: मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक?

सिंथेटिक हा शब्द ऐकला की प्रयोगशाळा, पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात बाजारातलं बरंचसं सिंथेटिक कच्च्या तेलावरच कडक प्रक्रिया करून तयार होतं. अमेरिकेत १९९९ साली दोन बड्या कंपन्यांची यावरून जुंपली होती: जमिनीतून निघालेल्याला सिंथेटिक म्हणावं का? जाहिरातींच्या तंट्यांचा निवाडा करणाऱ्या मंडळाने सांगितलं, म्हणा.

तरी ते बरं असतं. उष्णतेत लवकर विटत नाही, थंडपणी लवकर वाहतं. टर्बो गाडीला तर ते हवंच. परंतु नवशिक्याने एक गैरसमज टाळावा: महाग ऑइल म्हणजे न बदलायचं ऑइल नव्हे. दोन वर्षं पोटात ठेवलेल्या सिंथेटिकपेक्षा पुस्तिकेत बसणारं आणि वेळेवर बदललेलं साधं ऑइल केव्हाही चांगलं. कॅस्ट्रॉलचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे; म्हणून ऑइल घरचंच समजून सुटं मागू नये. कुठल्याही कंपनीचं असो, सीलबंद डबा घ्यावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावं. भोक पडलेला डबा पुन्हा भरून विकता येत नाही.

पायरी पाचवी: मुदत ठरवा

आता मुख्य भाग. इथे नवशिक्याला माझं उदाहरण देतो, कारण याहून चांगलं वाईट उदाहरण माझ्याकडे नाही.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा काट्यावर ६२ हजार किलोमीटर होते. पुस्तिकेत लिहिलं होतं: १० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल ते. मी वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला. उरलेला भाग वकिलांसाठी असावा असं वाटलं. २६ महिन्यांत माझी गाडी ६,१०० किलोमीटर चालली. घर ते बाजार, बाजार ते शाळा, शाळा ते घर. एका खेपेला दोन किलोमीटर. आठवड्यातून एकदा पोह्याचं पोतं आणि पापडांची पिशवी, बस्स. गाडीला मी असं जपतो, याचा मला अभिमान होता.

रोह्याचा माझा मेव्हणा मात्र रोज पेणला नोकरीला येतो. भिसे खिंड, नागोठणं, वडखळ, जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. त्याची गाडी माझ्या गाडीची जुळी बहीण. त्याचा काटा दीड लाखाच्या पुढे गेलेला. तो दर पाच महिन्यांनी ऑइल बदलायचा आणि मी त्याला चिडवायचो, की तू गाडीला तेल पाजतोस की म्हशीला. तो म्हणायचा, "भावजी, तुमची गाडी चालते कुठे? तुमची गाडी नुसती जागी होते."

हे वाक्य मला वर्षभराने, एका पावसाळ्यात कळलं. चौक सोडताना इंजिन खडखडलं आणि लाल दिवा क्षणभर लागून विझला. गॅरेजमध्ये मिस्तरीने ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरा, घट्टसर थर होता, विरजण नीट न लागलेल्या दह्यासारखा. त्याने त्यावरून बोट फिरवलं, बोटावर आलेला गोळा बघितला आणि विचारलं, "शेट, यो ऑइल हाय का ताक?"

त्या ताकाची पाककृती अशी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही येतं. इंजिन वीस-पंचवीस मिनिटं सलग चाललं की ऑइल नीट तापतं आणि हे पाहुणे उडून जातात. दोन किलोमीटरच्या खेपेत काट्यावर पाणी गरम दिसतं, पण ऑइल कोमटच राहतं. पाणी आत, पेट्रोल आत, त्यात आपल्या खाडीकाठची पावसाळी हवा. रोज थोडं थोडं घुसळत राहायचं. पुढे ऑइलमधली औषधं संपतात, आम्ल धरतं आणि चिखल होतो. मिस्तरीने खालचा चेंबर उतरवला तेव्हा ऑइल वर ओढणारी जाळी त्या चिखलाने निम्मी बुजलेली होती. इंजिन तहानेलं होतं, पाणवठ्यावर उभं राहून.

तेव्हा नवशिक्याने दोन काटे वाचावेत: एक किलोमीटरचा, दुसरा भिंतीवरच्या कालनिर्णयचा. पुस्तिकेत 'कठीण वापर' असा एक तक्ता असतो. तो आपण हिमालयात जाणाऱ्यांसाठी आहे असं समजून उलटतो. त्यात लिहिलेलं असतं: लहान लहान खेपा, धूळ, खोळंबत चालणं. म्हणजे पेणचा बाजार, पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा २०११ पासून रुंद होत राहिलेला महामार्ग, आणि गणपतीच्या आदल्या रात्रीचा वडखळ नाका. बऱ्याच पुस्तिकांत अशा वापराला मुदत जवळजवळ निम्मी होते. धुळीसाठी एअर फिल्टरही वेळेवर बदलावा. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तर महामार्गाचा काही भाग इंजिनातून जातो.

जगात सर्वांत जास्त चाललेल्या खासगी गाडीचं उदाहरण इथे बसतं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक इर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्व्हो २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर नेली. म्हणजे ४८ लाख किलोमीटर. मधे इंजिनकाम झालं. त्यांना गुपित विचारलं, की ते पुस्तिका वाचायला आणि ऑइल वेळेवर बदलायला सांगत. आणखी एक गोष्ट: त्यांचा रोजचा शाळेचा प्रवास जाऊन-येऊन १२५ मैलांचा होता. ऑइल रोज मनसोक्त तापत होतं. आपल्याकडचे मिनीडोर आणि विक्रमवाले हेच न सांगता करतात. गाडी दिवसभर गरम, ऑइलचा पैसा स्वतःच्या खिशातला आणि इंजिन बसलं तर चूलही बसणार. म्हणून ऑइलबद्दल विचारायचंच असेल, तर चहाच्या टपरीवर विचारू नका, सहा शिटं भरायची वाट बघत बसलेल्याला विचारा.

पायरी सहावी: मुहूर्त काढा

बारा महिन्यांची मुदत लक्षात राहत नाही, सण राहतो. माझ्या मते आपल्या भागात वार्षिक ऑइलचा मुहूर्त दसऱ्याचा. पावसाळ्याचं पाणी प्यालेलं ऑइल त्या सुमाराला बाहेर जायलाच हवं असतं. गणपतीची धावपळ संपलेली असते. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, सगळं गाव कडक इस्त्रीत असतं. गाडीलाही आपण धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो. फक्त ते बॉनेट उघडत नाही. यंदा हार घालण्याच्या आदल्या दिवशी उघडावं.

वर्षाला दहा हजारांहून जास्त फिरणाऱ्यांना किंवा माझ्यासारख्या लहान खेपा करणाऱ्यांना एक सण पुरत नाही; त्यांनी गुढीपाडवाही धरावा. माझ्या मेव्हण्यासारख्यांनी सणांचा नाद सोडून काट्याकडेच बघावं.

पायरी सातवी: प्रत्यक्ष कृती

गाडी थोडी फिरवून आणावी. कोमट ऑइल घाण घेऊन लवकर उतरतं. इंजिन बंद करावं. गॅरेजमध्ये खड्डा किंवा रॅम्प असतो. घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, विमा असला तरी. चेंबरचा नट सोडून ऑइल घमेल्यात घ्यावं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बोलत राहावं. फिल्टर दर वेळी बदलावा. नव्या ऑइलला जुना फिल्टर म्हणजे अंघोळ करून कालचेच कपडे. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळावा. नट परत लावताना त्याखालचा वॉशर नवा. नट ताकद दाखवण्यासाठी नसतो. अतिउत्साहात त्याचे आटे गेले की चेंबरच बदलावा लागतो.

मग पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढंच ऑइल भरावं. इंजिन एक मिनिट चालवून बंद करावं, पाच मिनिटं थांबावं, दांडी काढून पुसावी, पुन्हा बुडवून बघावी. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेच्या वर 'असू दे, कामी येईल' म्हणून ओतू नये. ही यजमानीणबाईंची वाढण्याची पद्धत इंजिनाला मानवत नाही. फिरता दांडा जास्तीच्या ऑइलचा फेस करतो आणि फेस दाब धरत नाही.

पायरी आठवी: जळक्या ऑइलची विल्हेवाट

काढलेल्या ऑइलला आपल्याकडे जळकं ऑइल म्हणतात आणि त्याला मागणी फार. कोणी वाळवीसाठी दाराच्या चौकटीला फासतं, कोणी शटरिंगच्या फळ्यांना, कोणी राजकीय मतभेदात वापरतं. कायद्याने हा घातक कचरा आहे. भोगावतीत, कुंडलिकेत किंवा बांधाकडेच्या गटारात ओतू नये. त्याच गटाराचं पाणी पुढे कोणाच्या तरी भातात जातं. झाकण घट्ट लावलेल्या डब्यातून गॅरेजवाल्याकडे द्यावं, जो ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांना विकतो.

शंकासमाधान

शंका: डॅशबोर्डवर अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा लाल दिवा लागतो. किती किलोमीटर चालेल?
समाधान: शून्य. तो दिवा ऑइल जुनं झाल्याचं सांगत नाही, दाब गेल्याचं सांगतो. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. न थांबल्यास दिव्यातून राक्षस बाहेर येतो. त्याच्या हातात बिल असतं.

शंका: माझ्या नव्या डिझेल गाडीत ऑइल न घालता वाढलं. कृपा समजावी का?
समाधान: नाही. काजळीची गाळणी साफ करायला गाडी जादा डिझेल मारते; खेपा लहान असतील तर ते ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदला आणि अधूनमधून गाडी लांब न्या. गागोद्याला जाऊन विनोबांचं जन्मस्थान बघून या, दोघांनाही बरं.

शंका: पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. चालू करून बघू का?
समाधान: मोह होईल, पण चावीला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो. टोचन करून न्या, आधी ऑइल बघू द्या.

शंका: झाकणाखाली पांढरं दिसलं. इंजिन गेलं का?
समाधान: लगेच सुतक धरू नये. नुसत्या झाकणालाच असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर बहुधा ते माझंच ताक. ऑइल बदला, गाडी तासभर पळवा. दांडीवरही तसंच असेल आणि पाणीही घटत असेल, तर हेडकाम निघू शकतं.

समारोप

बिल चुकतं केल्यावर मी गाडीत बसून डॅशबोर्डचा खण उपसला. पीयूसी, विम्याचे कागद, टोलच्या पावत्या, अंगाऱ्याची पुडी आणि सगळ्यांच्या तळाशी पुस्तिका. शेवटच्या पानांवर पहिल्या मालकाच्या हातच्या नोंदी होत्या. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, नोंदी पासबुकासारख्या. तारीख, किलोमीटर, ग्रेड, लिटर. पुढे दर वेळी तेच दोन शब्द: 'फिल्टर बदलला.' अकरा ओळी, एकही चुकलेली नाही. माझी २६ महिन्यांची उधळपट्टी इंजिनाने सोसली, ती या अकरा ओळींच्या शिलकीतून.

त्यांच्याखाली मी बारावी ओळ लिहिली. ६८,१००. ५डब्ल्यू-३०. तीन लिटर. फिल्टर बदलला. अक्षर त्यांच्याइतकं चांगलं आलं नाही. तेरावी ओळ दसऱ्याला.